चार हात पन्हाळ

माझं बोट पन्हाळीला लागलं. घागर ओली होती, ती हातातून सरकली, आणि सावरताना उजव्या हाताचं एक बोट पत्र्याला टेकलं. एवढंच.

"थांबा," रावसाहेब म्हणाले.

आम्ही अकरा बाया थांबलो. भरल्या घागरी डोक्यावर तशाच. चैत्राचं ऊन. रावसाहेब त्यांच्या परसाच्या भिंतीबाहेर लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी गड्याकडून पन्हाळीतलं पाणी सांडून टाकवलं. पत्रा राखेनं घासायला लावला. मग त्यावर गोमूत्र शिंपडलं. हे सगळं आटपेपर्यंत आम्ही उभ्याच. मग ते माझ्या आईला म्हणाले, "गंगे, तुझ्या पोरीला बोटं जरा जास्तीच आलीत. एखादं कमी करू का?"

गडी हसला. आईही हसली. डोक्यावरची घागर हलू न देता, तोंड तेवढं हसरं करून. आईचं ते हसू मला रावसाहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी तशीच रांगेत उभी राहिले. त्या दिवशी तरी.

मी तेव्हा अठरा वर्षांची. महारवाड्यातली सातवी झालेली पहिली मुलगी. सातही वर्षं वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसून झालेली, त्यामुळं फळा मला नेहमी तिरका दिसला. नवरा सोलापूरला गिरणीत गेला आणि तिथलाच झाला, म्हणून मी परत आईकडं. वडील नव्हते. घरात आई, मी आणि चुलता धोंडीकाका. येरमाळ्याहून कळंबकडं जाताना एक फाटा लागतो, तिथून दोन कोस आत आमचं गाव. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. चावडीच्या भिंतीवर 'अस्पृश्यता पाळणे गुन्हा आहे' असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. लिहायला जो रंगारी आला होता तो आमच्यातला निघाला. त्याला पाणी वरून ओतलं होतं.

रावसाहेब गाव सोडून पुण्याला मुलाकडं निघाले होते. घर विकायला काढलं होतं. घर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? घडीव दगडाचं जोतं, सागवानी तुळया, वर मातीचं माळवद. तरी महिनाभर त्याचं नटणं चाललं होतं. माळवदावर नवी पांढरी माती चढली. भिंतींना चुना, चुन्यात नीळ. जोत्याला गेरू. दारांना जवसाचं तेल. ओसरीवर एक मोठा फोटो होता, त्यात रावसाहेब शेरवानी घालून निजामी तालुकदाराच्या बाजूला उभे होते. तो उतरला. त्या जागी एका पुढाऱ्याचा खादीतला फोटो चढला. खिळा तोच राहिला.

गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आल्या, त्या भावकीतल्या. स्वयंपाकघरात पितळेच्या हंड्यांची उतरंड लागली, ती गावातल्या तीन घरांतून मागून आणलेली. हंड्यांवर तीन वेगवेगळ्या माणसांची नावं कोरलेली होती, म्हणून नावांची बाजू भिंतीकडं करून ठेवली. हे मला गड्याच्या बायकोनं सांगितलं आणि दोघी मनसोक्त हसलो. तिला हसायला काही हरकत नव्हती. मलाही तोवर नव्हती.

एकच गोष्ट नटवता येत नव्हती. परसातला आड. संक्रांतीनंतर त्याचं पाणी आटून खडक लागायचा.

आणि घेणाऱ्याला पाणीच पाहिजे होतं. धाराशिवच्या कोर्टातून निवृत्त झालेले एक पेशकार घर बघायला यायचे होते. त्यांना पोटाचं जुनं दुखणं. डॉक्टरनं हलकं पाणी प्यायला सांगितलेलं. आमच्या भागातलं पाणी जड, डाळ शिजता शिजत नाही, दाणा दाणा वेगळा राहतो. पेशकारांनी कळवलं होतं, घर लहान असलं तरी चालेल, आडाला बारमाही गोड पाणी पाहिजे.

तसं पाणी गावात एकाच ठिकाणी होतं. आमच्या झऱ्याला. महारवाड्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. जमीन रावसाहेबांची, पण झरा माझ्या आज्यानं पहारीनं खडक फोडून काढलेला. पाणी पाझरून खळग्यात साचायचं, ते करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला एक बिडी ओढून व्हायची. पण गोड. डाळ लोण्यासारखी शिजायची. चार महिने उन्हाळा आमची अकरा घरं त्यावर काढायची.

रावसाहेब महारवाड्याच्या तोंडापर्यंत आले. जन्मात पहिल्यांदा. तिथंच उभं राहून त्यांनी धोंडीकाकाला बोलावलं.

"धोंड्या, तीन दिवसांचं काम आहे. तुमच्या झऱ्याचं पाणी माझ्या आडात आणून घालायचं. पुरुषभर पाणी दिसलं पाहिजे."

काकानं झऱ्याकडं मान वळवली.

"फुकट नाही. घर विकलं की झऱ्याचा तुकडा तुमच्या नावावर करून देतो. तलाठ्याला बोलून ठेवलंय. मी चाललो पुण्याला, मला काय करायचाय झरा?"

काका जमिनीला डोकं टेकून उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मलाही वाटलं, झरा आपला होईल. कागदावर. उन्हाळ्यात कुणी 'तुमचं पाणी माझ्या रानात' म्हणून दरडावणार नाही. सातवी शिकलेल्या माणसाला कागदाचं फार वाटतं.

मीच विचारलं, "पर आमच्या हातचं पाणी तुमच्या आडात कसं चालंल जी?"

"वाहत्या पाण्याला विटाळ नसतो. पन्हाळ बसवतो. चार हात वाहून आलं की पाणी शुद्ध."

"कुठल्या पोथीत हाय हे?"

रावसाहेबांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "सातवी झालीस म्हणून पोथी विचारतेस व्हय? पोथीत तुझं नाव कुठं येतं ते माहीत आहे का? माहीत नसेल तर विचारू नकोस."

परसाच्या भिंतीला भोक पाडलं. त्यातून पत्र्याची पन्हाळ आत घेतली. आतल्या बाजूला ती शहाबादी फरशीखाली झाकली, वरून सारवलं, तिचं तोंड काठाच्या खाली आडात सोडलं. वरून बघणाऱ्याला काही दिसू नये म्हणून. बाहेर हातभर टोक राहिलं, त्यात आम्ही घागर वरून, न टेकता रिकामी करायची. पवित्र नद्यांना डोंगर उतरून यावं लागतं. इथं चार हातांत भागलं.

पण त्याआधी आडाचा तळ बंद करायचा होता, नाहीतर ओतलेलं पाणी खडकाच्या भेगांतून निघून जाणार. त्यासाठी धोंडीकाकाला दोरानं खाली सोडलं. ज्या आडावर आमची सावली पडू नये म्हणून आम्ही वळसा घालून जायचो, त्याच्या तळाशी काका दोन दिवस चिकणमाती तुडवत होता. वर आला की त्याला कुणी विचारलं नाही की कोरड्या आडाला तुझ्या पायांचा विटाळ झाला का. पाणी नसलं की विटाळ नसतो. ही पोथी मला तेव्हा कळली.

मग तीन दिवस आम्ही वाहिलं. पहाटे झऱ्याला जे साचलेलं असायचं ते दोन फेऱ्यांत संपायचं. नंतर खळग्याशी रांग. करवंटीनं खरवडायचं, गाळायचं, डोक्यावर घ्यायचं, चढ चढायचा, भिंतीशी रांग. झऱ्याला उसंत नाही, आम्हाला नाही. पहिल्या दिवशी आमच्या घरांतले रांजण अर्धे होते. दुसऱ्या दिवशी तळाला गेले. आमच्या शेजारची सुंदरा बाळंतीण होती, आठवं लेकरू, पाचवी आदल्या दिवशीच झालेली. तिच्यासाठी म्हणून मी एक घागर बाजूला काढून ठेवली. गड्यानं ती उचलायला लावली. "आधी आड," तो म्हणाला. सुंदरानं लेकराला गाळाच्या पाण्यानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई चढावर बसली. तिनं घागर उतरवली, ओंजळभर पाणी काढून प्याली. रावसाहेबांनी ते भिंतीपासून बघितलं. त्यांचे डोळे पोथी वाचायला अधू होते, पण लांबचं छान दिसायचं.

"उष्टं केलंस ना, गंगे?"

"एक घोट जी. घशाला कोरड पडली."

"सांड."

आईनं ती घागर तिथंच मातीत सांडली. उरलेली सगळी. पाणी मातीत जाताना आवाज आला, तापल्या तव्यावर आल्यासारखा. मग ती उठली आणि पुन्हा झऱ्याकडं निघाली. मी तिच्या मागून चालत होते. म्हणाले, "आये, आपलंच पाणी प्यालीस तू."

"कागद होऊ दे बाई," आई म्हणाली. "मग पोटभर पिऊ."

चौथ्या दिवशी पेशकार आणि त्यांच्या बाई आले. फाट्यापर्यंत एसटीनं, तिथून रावसाहेबांच्या छकड्यानं. आम्हाला त्या दिवशी तोंड दाखवायची मनाई होती. पण सकाळीच कळलं होतं की आड गळतोय. काकाच्या चिकणमातीला कुठंतरी चीर गेली होती, पाणी वीतभर उतरलं होतं. म्हणून मला आणि आईला भिंतीमागं बसवलं. बाजूला भरलेल्या बारा घागरी. पाहुणे असेपर्यंत बारीक धारेनं ओतत राहायचं. आवाज होऊ नये म्हणून पन्हाळीत फडकं अंथरलेलं. "खोकलीस तरी याद राख," रावसाहेबांनी मला बजावलं.

भिंतीच्या भोकातून आतलं सगळं ऐकू येत होतं. पेशकार तुळया मोजत होते. पितळेची उतरंड बघून बाईंनी "अगबाई!" म्हटलं. म्हशींच्या पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला. रावसाहेब नम्र आवाजात बोलत होते. तसा आवाज त्यांच्याकडं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग सगळे आडापाशी आले. पोहरा खाली गेला, भरून वर आला. पेशकार प्याले. जीभ टाळ्याला लावल्याचा आवाज झाला.

"गोड आहे हो!"

"मूठभर डाळ आणलीय मी घरून," बाई म्हणाल्या. "शिजवून बघते. पाण्याची परीक्षा डाळीनं होते, जिभेनं नाही."

परसातच तीन दगडांची चूल झाली. डाळ चढली. आम्ही भिंतीच्या या बाजूला धार धरून. मध्येच बाई म्हणाल्या, "कुठंतरी पाणी वाजतंय का हो?"

"आडाला जिवंत झरा आहे, वहिनी," रावसाहेब म्हणाले. "शांत वेळी ऐकू येतो."

जिवंत झरा म्हणजे मी आणि आई. मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. अजूनही ते मला एखाद्या नाटकासारखं वाटत होतं, ज्याच्या शेवटी आपल्याला कागद मिळणार आहे.

डाळ शिजली. बाईंनी बोटानं चेपून बघितली असावी. "लोण्यासारखी!" त्या म्हणाल्या. मग भात लावायचं ठरलं, त्याच पाण्यात. सगळे तिथंच जेवायला बसले. जेवता जेवता पेशकारांनी विचारलं, "मागं ती वस्ती दिसते, तिचा त्रास नाही ना?"

"छे. अन् ती ओढ्याकाठची जमीन मी तुम्हाला घरासोबतच देतोय. तिथं एक झरा आहे, त्यावर जगतात ते. तुम्ही नुसतं कुंपण घाला. एक उन्हाळा पाणी तुटलं की वस्ती आपोआप उठते. भांडायची गरज पडत नाही."

"तुम्ही त्यांना काही शब्द वगैरे..."

"त्यांना काय शब्द द्यायचा?" रावसाहेब म्हणाले. "थोडी आमटी घ्या."

मी आईकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. पण तिचा हात थांबला नव्हता. घागर तशीच तिरकी, धार तशीच बारीक, फडक्यावर पडत होती.

"आये, थांब."

"वत, बाई," ती कुजबुजली. "आपल्याला काय ऐकू आलं न्हाय."

"आलंय."

"न्हाय आलं. वत."

मी तिच्या हातातली घागर घेतली. ती सोडत नव्हती. आम्ही दोघी मायलेकी एका घागरीसाठी आवाज न करता झटापट करत होतो, पलीकडं आमच्या पाण्याचा भात खाल्ला जात होता. अखेर ती सुटली. मी घागर कमरेवर घेतली, भिंतीला वळसा घातला, परसदार ढकललं आणि आत गेले. त्या दारातून मी याआधी कधी गेले नव्हते. दार हलकं होतं. तेल लावलेलं.

सगळे ताटांवरून वर बघायला लागले.

"बाई, डाळ शिजली का?" मी विचारलं.

"शिजली की," पेशकारीणबाई म्हणाल्या. "तू कोण?"

"म्या महारवाड्यातली. तुमी प्यालात ते आमच्या झऱ्याचं पानी. आड कोरडा हाय. तीन दिस आमी वतलंय."

बाईंचा घास तोंडातच होता. त्यांनी तो ताटात टाकला. मग तुळशीपाशी जाऊन घशात दोन बोटं घातली.

मला वाटलं होतं आता पेशकार विचारतील, आड कोरडा कसा? आयुष्यभर कोर्टात बसलेला माणूस. त्यांनी विचारलं, "हिच्या हातचं?"

"वाहतं करून घेतलंय," रावसाहेब उठत म्हणाले. "पन्हाळ आहे मध्ये. चार हात."

"चार?" पेशकारांचा आवाज चढला. "सात लागतात, रावसाहेब. आमच्याकडं सात धरतात."

"आमच्या आजोबांपासून चार चालत आलेत."

"दगडी पन्हाळ असेल तर एक वेळ चार. ही पत्र्याची आहे का?"

"पत्र्याची. पण नवी."

बाई ओकत होत्या आणि दोन विद्वान हातांचा हिशेब करत होते. मी मध्ये उभी, कमरेवर घागर. "आड कोरडा हाय," मी पुन्हा म्हणाले. मोठ्यानं. पेशकार माझ्याकडं न बघता गड्याला म्हणाले, "हिला आधी बाहेर काढ."

मारायला गड्यानं लांब काठी घेतली, जवळ यायला लागू नये म्हणून. परसदारापासून लिंबापर्यंत मारलं. घागर फुटली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. आई भिंतीशी बसलेलीच होती. ती उठली नाही. काठी थांबल्यावर ती माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडात मारली. "आमचं पानी घालवलंस," म्हणाली.

आणि तसंच झालं. यात बदल करून सांगण्यासारखं काही नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की विक्री मोडेल. मोडली नाही. पेशकारांना मी फुकटात सांगून टाकलं होतं की गोड पाणी कुठून येतं. कोरड्या आडाचं कारण पुढं करून त्यांनी घराचा भाव पाडला आणि घर, जमीन, झरा, तिन्ही घेतलं. झऱ्याच्या शुद्धीचाही तोडगा निघाला. जमिनीतून वर येताना पाण्याला विटाळ नसतो. महिनाभर आमचा हात लागू दिला नाही की झालं. पंधरा दिवसांत बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं, गडी बसला. रावसाहेब पुण्याला गेले. जाताना छकड्यातून त्यांनी महारवाड्याकडं बघितलंही नाही. ते रागावलेले नव्हते. त्यांचं काम झालं होतं.

वस्तीत माझ्याशी कुणी बोलेना. धोंडीकाका म्हणाला, "सातवीनं घात केला." सुंदराचं लेकरू वैशाखात गेलं. हगवणीनं. गढूळ पाण्यानं, असं मी म्हणाले. सुंदरा म्हणाली, "तुझ्या तोंडानं."

 तिनं ते म्हटल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आम्ही तीन दिवस मुकाट वाहिलं तेव्हाच झरा गेला होता. मी बोलले नसते तरी कुंपण पडलंच असतं, एवढंच की आम्ही ते पडताना हात जोडून बघितलं असतं. आम्हाला जे मिळायचं होतं ते त्यांच्या शब्दावर मिळायचं होतं. आणि ज्याला आमच्या बोटाचा विटाळ होतो, त्याच्या शब्दावर आम्ही आमचं पाणी ओतलं. चूक ती होती. ती माझीही होती.

गावात चावडीसमोर सरकारी विहीर होती. राज्य बदलल्यावर बांधलेली, सगळ्यांसाठी. आमची सगळ्यांतली जागा काठापासून दहा पावलांवर. तिथं घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली की तो वरून ओतणार. झरा गेल्यावर सगळा महारवाडा तिथं उभा राहायला लागला. सकाळपासून दुपारपर्यंत.

आई म्हणाली, "चल, तूबी उभी ऱ्हा. गुमान. कुणीतरी घालंल."

"म्या उभी न्हाय राहणार."

"मग काय करशील?"

मी दोर घेतला. माझा स्वतःचा, केकताडाच्या वाखाचा, मी वळलेला. ती दहा पावलं चालून गेले आणि काठावर चढले. पहिल्या दिवशी माझी घागर दगडानं फोडली. दुसऱ्या दिवशी डोकं. तिसऱ्या दिवशी मी घासलेटचा डबा नेला, तो फुटत नाही. तो विहिरीत सोडला, वाकड्या बोटांनी दोर ओढला, भरून वर काढला. काठावर बायका ओरडत मागं सरल्या. विहीर बाटली, विहीर बाटली. एक म्हणाली, "आता आम्ही काय प्यायचं?"

तिला वाटलं मी खाली बघेन. मी तिच्याकडं बघतच डबा डोक्यावर घेतला. ते तिनं ठरवावं. मी उद्या येणार आहे. परवा येणार आहे. मला कुणी पाणी घालायचं नाही, मला कुणाचा कागद नको, कुणाचा शब्द नको. मी माझं ओढून घेईन. आणि ज्याला माझ्या हाताचा विटाळ होतो, त्यानं खुशाल तहानलेलं राहावं.